चौथी आकृती

तोतारामभाऊंचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल, वस्तूंवरही नव्हता. धुळ्यात आग्रा रोडवर त्यांचं सायकलचं दुकान आणि बरोबर समोर माझं किराण्याचं. त्यामुळे गिऱ्हाईक नसलं की मला त्यांच्याकडे बघण्यापलीकडे उद्योग नसे. त्यांचं कुठलंही पार्सल आधी माझ्या तराजूवर यायचं, मग फुटायचं.

सदतीस सालच्या श्रावणात, एका सोमवारी, मुंबईहून लाकडी पेटी आली. पावणेचार शेर भरली.

"कागदावर वजन लिहिलेलं नाही," भाऊ म्हणाले. "का लिहिलं नसेल?"

"विसरले असतील."

"मुंबईचे लोक विसरत नाहीत."

बरोबर पत्र होतं. एका मोटार कंपनीला खानदेशासाठी एक एजंट नेमायचा होता आणि गाळून गाळून दोन अर्ज उरले होते, आमचे तोतारामभाऊ आणि जळगावचे रतिलालशेठ. दोघांनाही कंपनीनं आपल्या नव्या मोटारीची हातभर लांबीची हुबेहूब नक्कल सुट्या भागांत पाठवली होती. ती जोडून दुकानात मांडायची. गुरुवारी कंपनीचा माणूस येणार आणि एजन्सी एकालाच देणार. भाऊंनी तिच्यासाठी दोन वर्षं पत्रं लिहिली होती. ती जळगावला गेली, तर उद्या धुळ्यात मोटारीचा एक दिवा विकायलाही रतिलालशेठला विचारावं लागणार होतं.

जोडायचं काम झुलालकडे आलं. झुलाल शिरपूरकडचा, कापसाच्या जिनातला फिटर. पावसाळ्यात जिन बंद, म्हणून चार वर्षं तो पावसाळाभर भाऊंच्या सायकली दुरुस्त करायचा. त्यानं गोणपाट पसरलं, पेटीतला पेंढा बाजूला सारला, लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे भाग ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर गेरूचा ठिपका दिला. जिन खोलताना तो असंच करत असे.

सूचनांचा कागद इंग्रजीत होता. तो वाचायला मगन मास्तरांना बसवलं. कागदावर आठ आकृत्या. तिसरीत नुसता सांगाडा दिसत होता आणि पाचवीत हाताचं चाक, दांडे, पुढचा कणा सगळं जागच्या जागी बसलेलं. मधली चौथी म्हणजे रेघांचा गुंता.

"चौथीखाली काय लिहिलंय?" भाऊंनी विचारलं.

"आता हे भाग योग्य रीतीनं जोडावेत."

"योग्य म्हणजे कोणत्या?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही, का तुम्ही वाचलं नाही?"

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. भाग एकूण किती, तेही कागद सांगत नव्हता.

"मास्तर, जळगावला तुमचे मेहुणे असतात ना?"

"असतात. पोस्टात आहेत."

"हां," भाऊ म्हणाले. मास्तर चहा न घेता गेले.

मंगळवारी दुपारी गाडी उभी राहिली. काळी कुळकुळीत, दारं उघडणारी, मागे जादा चाक. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. फक्त गोणपाटावर एक पितळी दांडी उरली, बोटभर लांब, दोन्ही टोकांना वाकवलेली, आणि दोन बारीक नट.

आता, आमच्याकडे आंबे घ्या, कणसं घ्या, शेकड्यावर चार-पाच नग वरचे म्हणून घालायची रीत. न घालणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. त्यामुळे जमलेल्या सगळ्यांनी एकमतानं निकाल दिला की कंपनी चांगली आहे, तिनं वरचे दिलेत. मीही तेच म्हणालो, खोटं कशाला बोलू. मंजुळाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या घरच्यांनी, दांडी देव्हाऱ्यात ठेवायला मागितली. भाऊंनी दिली नाही.

"गोरा माणूस डझन म्हणजे बारा देतो," ते म्हणाले. "हे मुद्दाम टाकलेलं आहे."

"कोणी?"

"तेच शोधायचं आहे."

गाडी, दांडी, नट, कागद, रिकामी पेटी, सगळं माझ्या तराजूवर आलं. सोमवारपेक्षा नऊ तोळे कमी भरलं. भाऊंनी पारडी बदलून पुन्हा तोललं. नऊ तोळेच. म्हणजे दांडी जास्त आणि माल कमी. मोटारीतलं काहीतरी खरं काढून त्याजागी हे खोटं घुसवलंय, असा त्यांचा हिशेब जुळला.

"झुलाल, शनिवारी तू जळगावला गेला होतास."

"बहीणकडे गयथू, भाऊ."

"पेटी तर सोमवारी आली," मी मध्ये बोललो.

"म्हणूनच. आधी ठरवून आला."

मग भाऊंनी भर रस्त्यावर त्याचं गाठोडं सोडायला लावलं. एक धोतर, दोन भाकरी, मिरचीचा ठेचा. झुलालनं ते सावकाश पुन्हा बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"माले काही सांगनं व्हतं," तो म्हणाला. "आते नही सांगस." आणि चालायला लागला.

तो वळणापलीकडे गेला, तेव्हा मंजुळाबाई हात पुसत बाहेर आल्या. "कशाचा एवढा शोध चाललाय?"

"नऊ तोळे कमी आहेत."

"पेंढा धरला का त्यात? सकाळी लाकडं ओली, चूल पेटेना. मी तोच घातला."

भाऊ त्यांच्याकडे वळले. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? गावाला विचारलंत."

म्हणजे गेलं काहीच नव्हतं. मग ती दांडी गाडीचीच. भाऊंनी हाताचं चाक फिरवून पाहिलं, ते गरगर फिरलं आणि पुढची चाकं ढिम्म. बुधवारी सकाळभर ते चौथी आकृती उलटीसुलटी धरून बसले. एकदा दांडी जागेवर बसली, तर एक दार निखळलं. दुपारी रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"मोटारस्टँडवर जाऊन बघता का? मी पाठवलं म्हणू नका."

पुरामुळे शिरपूरची मोटार सुटली नव्हती. झुलाल स्टँडवर गाठोड्यावर बसला होता.

"भाऊंनी पाठवलं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग भाऊंनीच पाठवं." तो हसला. बोटानं ओल्या मातीत आकृती काढायला लागला. "हाई चित्र वरतून देखेल नही शे. खालतून देखेल शे. चित्र काढनारा गाडीना खाले निजेल व्हता."

जिनाच्या यंत्राखाली पाठीवर पडून जन्म काढलेल्या माणसाला ते दिसलं होतं. आम्ही सगळे वरून बघणारे. मी म्हटलं, चल, जोडून दे. तो म्हणाला, येतो, पण त्या गाडीला बोट लावणार नाही. बोट लावलं की तराजू येतो. ओट्यावर बसेन, सांगेन, जोडायचं ज्याची गाडी त्यानं.

म्हणून गुरुवारी सकाळी धुळ्यानं एक नवं दृश्य पाहिलं. दोन स्टुलांवर आडवी गाडी, खाली गोणपाटावर उताणे तोतारामभाऊ, आणि ओट्यावर मांडी घालून झुलाल.

"दांडीना आकडा डावीकडे घाला."

"कोणाच्या डावीकडे?"

"गाडीना. तुमनी डावी इसरा."

"आधी नट का आधी आकडा?"

"आकडा. खोटं सांगस अशे वाटस का?"

गाडीखालून "नाही" आलं, बारीक आवाजात.

कंपनीचा माणूस आला, तेव्हा भाऊंच्या कपाळाला वंगण होतं. किडकिडीत गृहस्थ, बगलेत कातडी पिशवी. त्यानं दारं उघडली नाहीत, दिवे बघितले नाहीत. हाताचं चाक डावीकडे फिरवलं. पुढची चाकं डावीकडे वळली. उजवीकडे, उजवीकडे.

"जळगावची गाडी दिसायला अशीच आहे," तो म्हणाला. "वळत नाही एवढंच." खिशातून तसलीच पितळी दांडी काढून त्यानं दाखवली. "शेठजींनी ही परत केली. म्हणाले, चुकून जास्तीची आली, कंपनीचं नुकसान नको."

भाऊंचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं. रतिलालशेठबद्दल दोन वर्षं त्यांनी काय काय सांगितलं होतं, ते मला पाठ होतं.

त्या माणसानं छापील फॉर्म काढला. "फिटरशिवाय एजन्सी मिळत नाही. हे कोणी बसवलं?"

बसवलं होतं भाऊंनीच. ते तसं म्हणाले असते, तर ते खोटंही ठरलं नसतं. त्यांनी ओट्याकडे हात केला. "यानं. मी नुसते हात चालवले."

"पूर्ण नाव?"

"झुलाल," भाऊ म्हणाले आणि अडकले. चार पावसाळे माणूस दुकानात होता. "तुझ्या बापाचं नाव काय रे?"

झुलालनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडे बघत बसला. कंपनीच्या माणसाची दौतीत बुडवलेली लेखणी तशीच वर राहिली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी समोर माझ्या साखरेच्या पोत्याकडे पाहिलं.

"झुलालभाऊ," तोतारामभाऊ म्हणाले, "वडिलांचं नाव सांगता का?"

"वना," झुलाल म्हणाला. "झुलाल वना. लिखा."