दीडशे ग्रॅमची सासू

नोलीनने आपल्या रोबोला सासूचं नाव दिलं होतं, आणि ते मुद्दाम दिलं होतं. डोरिसबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांचा मुलगा, नोलीनचा माजी नवरा डेस, अजून धडधाकट होता आणि दर जुलैत इप्सविचच्या स्काउट हॉलमध्ये स्वतःचा रोबो घेऊन हजर असायचा. माइकवरून ‘डोरिस’ असा पुकारा झाला की त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. तेवढ्यानेच नोलीनचं अर्धं समाधान व्हायचं.

उरलेलं अर्धं मात्र चार वर्षं हुलकावणी देत होतं. घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली, घर वाटून झालं, कुत्रासुद्धा म्हातारा होऊन गेला. आता तिला एकच गोष्ट हवी होती. हॉलमधल्या त्या झुंजीच्या पेटीत, चारचौघांच्या देखत, डेसला एकदा हरवायचं. चार वर्षांत चारही वेळा तो जिंकला होता, आणि चारही वेळा पुढे येऊन म्हणाला होता, “चांगली खेळलीस हं, नोल.” हरण्यापेक्षा ते “चांगली खेळलीस” तिला जास्त झोंबायचं.

म्हणून यंदाची डोरिस तिने मे महिन्यापासूनच जेवणाच्या टेबलावर बांधायला घेतली. त्यांच्या गटात रोबो दीडशे ग्रॅमच्या आत बसवायचा असतो. वर केसभरही चालत नाही. डोरिसचं अंग तिने भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या पाटातून कापलं, त्यावरच्या बीटाच्या डागासकट. चाकं जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून निघाली. पुढे बोटाएवढं पोलादी पातं बसवलं, जे फिरायला लागलं की समोरच्याचे पार तीनतेरा वाजवतं.

वायरिंग हे मात्र खरं नाजूक काम. पहिल्या वर्षी तिने वायरी ऐसपैस ठेवल्या होत्या, तर एक पात्यात गुंतली आणि डोरिसने स्वतःचंच आतडं उपसून पेटीभर मिरवलं. तेव्हापासून नोलीन प्रत्येक वायर मापून कापायची. लाल लालला, काळी काळीला, आणि सोल्डरचा टाका द्यायच्या आधी वायरवर रबरी नळी सरकवायची. हे ती हमखास विसरायची आणि मग सगळा टाका वितळवून, रेल्वे वर्कशॉपमध्ये उभा जन्म घालवलेल्या डेसकडून शिकलेल्या शिव्या देत, पुन्हा करायची. मधोमध नखाएवढं सर्किट, त्यातच रिमोटचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर. सगळ्यात शेवटी बाहेरून काढता-घालता येणारी पिन, जी खोचल्याशिवाय रोबोत जीव येत नाही.

काट्यावर ठेवलं तर दीडशेच्या वर पाव ग्रॅम. नोलीनने नेलपॉलिशने काढलेलं नाव खरवडलं. ‘डोरिस’चं नुसतं ‘डो’ उरलं तेव्हा कुठे सासूबाई बसल्या गटात.

आणि नोलीनने अजून एक काम करून ठेवलं. शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेली बाई ती. सुटा भाग तयार नाही असं तिच्याकडे व्हायचं नाही. एक जादा सर्किट तिने आपल्या रिमोटशी आधीच जुळवून, पुडीत घालून, हत्यारांच्या डब्यात ठेवलं. ऐनवेळी जळलं तर काढायचं आणि लावायचं. हा नीटनेटकेपणा पुढे भलताच महागात पडणार होता.

त्या शनिवारी हॉलमध्ये सकाळपासून सॉसेज आणि करपलेल्या कांद्याचा वास भरला होता. दुपारी पंच थुईने, म्हणजे एरवी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हसऱ्या पोरीने, जोड्या वाचल्या. “डोरिस विरुद्ध किंग ब्राऊन. वीस मिनिटांनी.”

किंग ब्राऊन हा डेसचा रोबो. नाव विषारी सापाचं, आणि दिसायला चाकं लावलेलं फावडं.

पाचच मिनिटांत डेसच्या टेबलावरून फस्स असा आवाज झाला आणि धुराचा एक बारीकसा गोळा वर गेला. हॉलमध्ये अशा धुराला टाळ्या पडतात, तशा पडल्या. नोलीनने मान वळवून पाहिलं. डेसने बॅटरीच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. लाल काळीला. वर्कशॉपमधल्या शिकाऊ पोरांना ज्या चुकीपायी तो दिवसभर झाडू मारायला लावायचा, तीच चूक.

“जादा सर्किट आहे कुणाकडे?” थुईने माइकवरून विचारलं.

या हॉलची एक रीत आहे. समोरच्याचा रोबो मोडला म्हणून कुणी फुकटचा विजय घेत नाही. तुमच्याकडे सुटा भाग असेल तर तो तुम्हीच द्यायचा, हवं तर लावूनही द्यायचा, आणि मग पेटीत त्याची चटणी करायची. नोलीन जराशी घुटमळली. मग तिने पुडी उचलली आणि डेसच्या टेबलावर आपटली.

“घे. बारा मिनिटं आहेत.”

“उपकार करतेयस?”

“तुला चेचायचंय मला. त्यासाठी तू पेटीत लागतोस.”

डेस हसला आणि त्याने सोल्डरिंगची कांब हातात घेतली. कांबेचं टोक वायरीशी टेकेना. तिच्या डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, टेबलावर टेकलं आणि तिथेच थांबलं. नोलीन त्या हाताकडे बघत राहिली. याच हातांनी त्याने कधीकाळी तिच्या कानातल्याची तुटलेली कडी जोडली होती.

“कॉफी जास्त झाली,” डेस म्हणाला.

“कधीपासून पितोयस इतकी कॉफी?”

“मार्चपासून. डॉक्टर तिला वेगळं नाव देतात.” त्याने कांब तिच्या हातात दिली. “चेहरा पाडू नकोस. वेळ जातोय.”

तिने सहा टाके दिले. डोळ्यात पाणी आलं, आणि तिने ते सोल्डरच्या धुरावर ढकललं. दुरुस्ती झाली की थुईकडून पुन्हा तपासून घ्यायचं असतं, पण थुई त्या वेळी कुणाची तरी पेटलेली बॅटरी वाळूच्या बादलीत कोंबत होती. बादली ठेवून तिने घाईघाईत तसाच पुकारा केला.

दोघांनी पिना खोचल्या, झाकण बंद झालं. “सुरू!”

नोलीनने दांडी पुढे ढकलली. डोरिस सुसाट निघाली. समोरून किंग ब्राऊनही निघाला. धाडकन टक्कर होऊन दोन्ही बाजूला उडाले.

“बघ कसा सरळ जातोय!” डेस ओरडला. “यंदा असा सरळ गेला नव्हता!”

नोलीनने डावीकडे वळवलं. डोरिस डावीकडे वळली. किंग ब्राऊनही स्वतःच्या डावीकडे वळला. तिने दांडी सोडली, दोघे थांबले. जरासं पुढे, दोघे जरासे पुढे. मग नोलीनच्या ध्यानात आलं. पुडीतलं सर्किट तिच्याच रिमोटशी जुळलेलं होतं. दोन्ही रोबो तीच चालवत होती, आणि डेस बिचारा नुसता हवेत दांड्या हलवत होता.

आता खरं सांगायचं तर पहिले दहा सेकंद तिला फार मजा आली. एकतीस वर्षांच्या संसारात वळ म्हटल्यावर हा माणूस कधी वळला नव्हता. आता ती म्हणेल तिकडे वळत होता. तिने त्याला गोल फिरवलं, मागे नेलं, पुन्हा गोल फिरवलं. माय-लेकाचा असा नाच इप्सविचने पाहिला नव्हता. लोक पोट धरून हसत होते. डेस मात्र रिमोट घट्ट धरून पेटीकडे टक लावून पाहत होता. किती मन लावून खेळतोय, असं तिला वाटलं आणि तिची मजा तिथेच आटली.

नाचता नाचता दोन्ही रोबो पेटीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यापाशी आले. त्यात जो पडला तो हरला. डोरिसचं तोंड खड्ड्याकडे होतं, किंग ब्राऊनची पाठ. दांडी मागे ओढली की डेस खड्ड्यात. पुढे ढकलली की ती. चार वर्षं जे हवं होतं ते बोटाच्या टोकावर आलं होतं.

तिच्या डोळ्यांसमोर मात्र ती टेबलावर टेकलेली कांब होती. यंदा असा सरळ गेला नव्हता, असं म्हणाला होता तो. जाऊ दे, असं म्हणून तिने दांडी पुढे ढकलली. सासूबाई खड्ड्यात गडप झाल्या.

“किंग ब्राऊन विजयी!” थुई ओरडली.

टाळ्या पडल्या. नोलीन त्या “चांगली खेळलीस”ची वाट बघत उभी राहिली. डेस आला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं.

“काय केलंस हे?”

“हरले. दिसलं नाही?”

“मी पहिल्या वळणालाच रिमोट बंद केला, नोल.” त्याने तो तिच्यापुढे धरला, दिवा विझलेला होता. “उजवीकडे दाबलं तर बेटा डावीकडे गेला. म्हटलं, बाईच्या हातात लागलोय. बघू या काय करते.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, सरळ खड्ड्यात घालशील. तुझा स्वभाव माहीत आहे मला. मी खूश होतो!” त्याचा आवाज चढला आणि सॉसेजच्या रांगेतले लोकही वळून बघायला लागले. “एकतीस वर्षांत साध्या पत्त्यांच्या डावात तू मला जिंकू दिलं नाहीस. आणि आता हात हलायला लागले म्हणून भीक घालतेस? मी मेलोय का?”

नोलीनची कानशिलं तापली. लाज वाटली, रागही आला. त्या रागात जुनी ओळख होती आणि त्यामुळे जरा बरंही वाटलं.

डेस थुईकडे वळला. “ही झुंज धरू नकोस. दोन्ही रोबो हीच चालवत होती. सर्किट माझ्या रिमोटशी जुळवतो, मग पुन्हा लाव.”

थुईने कपाळाला हात लावला. “आणि तपासणीशिवाय पेटीत घेतलं ते मी. कुठेही बोलू नका. दहा मिनिटं.”

दहा मिनिटांनी पुन्हा झाकण बंद झालं. या वेळी किंग ब्राऊन डेसचाच होता, हे लगेच कळलं. तो सरळ जात नव्हता. डावीकडे डुलायचा, उजवीकडे डुलायचा, मध्येच थबकायचा. नोलीनने ते बघितलं. मग तिने पात्याची दांडी पार टोकापर्यंत लोटली.

डोरिसने पहिल्याच फटक्यात फावड्याचा कोपरा उडवला. दुसऱ्या फटक्यात चाक सुटलं आणि पेटीच्या काचेवर थाडकन आदळलं. तिसऱ्याची खरंतर गरज नव्हती, पण नोलीनने तोही दिला. किंग ब्राऊन उताणा पडला आणि उरलेलं एक चाक हवेत फिरवत राहिला.

अठ्ठावीस सेकंद. हॉल दणाणून गेला. नोलीन दोन्ही हात वर करून ओरडली, सहासष्टाव्या वर्षी बाईने ओरडू नये अशी ओरडली, आणि मग तोंड झाकून रडली.

डेस पेटीतून आपल्या रोबोचे तुकडे गोळा करत होता. तोंडभर हसत होता. ती डोळे पुसत त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, “चांगला खेळलास हं, डेस.”

“मर मेली,” डेस म्हणाला. त्याने तुटलेलं चाक तिच्या तळहातावर ठेवलं. “पुढच्या वर्षी सोल्डरिंग तेवढं तू कर. हरायचं माझं मी बघतो.”