भिंतीवरचा मयत शिपाई

मित्रांनो, मी एक जुने छापचित्र आहे. रणांगणावर उताणा मरून पडलेला एक शिपाई माझ्यात आहे. युरोपातल्या ज्या कारागिराने मला तांब्याच्या पत्र्यावर कोरले, त्याने लढाई कधी पाहिलीच नव्हती. दारू पिऊन झोपलेल्या शेजाऱ्याला समोर ठेवून त्याने माझा वीर कोरला. लोक मात्र दोनशे वर्षे त्या शौर्यापुढे माना डोलावत आहेत. डोलावोत बापडे.

माझे मालकही तसलेच. १९५४ साली तेल कंपनीतल्या एका इंग्रज साहेबाने मला कुवेतला आणले आणि जेवणघरात टांगले. पाहुणे घास चघळत माझ्याजवळ येत, रेषांची तारीफ करत आणि पुन्हा पुडिंगकडे वळत. मेलेल्या माणसाच्या तोंडाकडे एकानेही नीट पाहिले नाही. मला त्यांची किळस येई.

पाहिले ते बदरुद्दीनने. रत्नागिरीकडचा हा माणूस साहेबांचे टेबल लावायचा. साहेब कचेरीत गेले की तो माझ्यावर धुतलेला रुमाल टाकी आणि ते परतण्याआधी काढून घेई. मला वाटले, माझ्यावर धूळ बसू नये म्हणून. मीही साहेबांच्याच मुलखातले, स्वतःपलीकडे मला काय दिसणार!

स्वयंपाकी महबूबने त्याला बजावले, की साहेबाने पाहिले तर नोकरी जाईल आणि घरी खाणारी चार तोंडे आहेत.

"माझ्या भावाचा मय्यत लढाईत बोटीवरना दर्यात गेला," बदरुद्दीन म्हणाला. "त्याचा तोंड कुनी झाकला नाय."

एके दुपारी साहेब पाहुण्यांना घेऊन अचानक आले. रुमाल माझ्यावरच होता. याच्या धर्माला चित्र चालत नसेल, असे म्हणून पाहुणे हसले. साहेबांनी रुमाल काढायचा हुकूम केला. मयताचे तोंड उघडे ठेवून त्याच्यासमोर जेवू नये, एवढेच बदरुद्दीन बोलला आणि हात बांधून उभा राहिला. साहेबांनी स्वतः रुमाल ओढला. बदरुद्दीनला पुढच्या बोटीने मुंबईला धाडायचे तिथेच ठरले आणि मग सगळे जेवायला बसले. पोटभर जेवले.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. माझी काच पुसणारे खूप भेटले. पण दोनशे वर्षांत माझ्या शिपायाच्या मयताला एकच माणूस आला, आणि त्यालाच तुमच्यासारख्या पाहणाऱ्यांनी घराबाहेर काढले.