हात वर होईपर्यंत

या माउली, असे पुढे सरका. जोतीरामबुवांची गोष्ट सांगतो, ती लांबून ऐकायची नव्हे.

आमच्या मंद्रूपच्या या बुवांमागे मी जन्मभर टाळ धरला. गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडू लागला. आधी दृष्टान्त निसटायचे, मग नातवंडांची नावं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार.

आणि त्यांची लेक ऋतुजा सोलापुरात प्रयोगशाळेत करते काय, तर मेंदूतल्या दोन पेशींमधल्या सांध्याची नक्कल. अणूइतका पातळ पापुद्रा, दोन्ही टोकांना तारा. विजेच्या टिचक्या मारत राहिलं की त्यातली वाट मोकळी होत जाते, थांबलं की हळूहळू बुजते.

"आपण अभंगाचं धृपद परत परत म्हणतो तसंच, काका," ती मला म्हणाली होती. "पण पापुद्रा फाटला की कितीबी टिचक्या मारा, मीटरचा काटा हलत न्हाय."

गावानं सांधा तेवढा ऐकला. तिची आई, विजयमालावहिनी, तर मागेच लागल्या.

"एवढे सांधे करतीस, एक तुज्या बापाला बसव की."

"आई, ते डोक्यात घालायचे न्हायत गं. कमी विजेवर शिकणाऱ्या कॉम्प्युटरसाठी हायत."

"त्या कॉम्प्युटरला मेलं काय आठवायचं राहिलंय?"

ऋतुजा हसली आणि तोंड धुवायला मोरीत गेली. बराच वेळ आली नाही.

सप्त्यात शेवटच्या दिवसाचं, काल्याचं कीर्तन गावानं बुवांनाच दिलं. ऋतुजानं अडवलं नाही. कीर्तन सुटलं की अण्णा सुटले, असं तीच वडिलांबद्दल म्हणायची.

बुवांनी चाल छान लावली. निरूपणाला आले आणि मध्येच थांबले. आमच्यात बुवा अडले तर टाळकऱ्यांनी धृपद उचलायचं, आणि बुवांनी हात वर करेपर्यंत सोडायचं नाही. तेवढ्यात त्यांना सापडतं. आम्ही उचललं. परत म्हटलं, परत म्हटलं. पखवाजावरचा सोमलिंग घामानं भिजला. हात काही वर होईना.

बुवा आमच्याकडे बघून हसले. मागे सरकून माझ्या शेजारी उभे राहिले आणि गळ्यातले टाळ वाजवू लागले. ठेका कुठं चुकला नाही. मग कानाशी वाकून म्हणाले, "लई गोड चाललंय. आज बुवा कोण हायत?"

"येत्यात, माउली," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ऋतुजा बायकांतून उठून आली. माझ्याकडे बघून तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली. कळलं आम्हालाही होतं, पण थांबायचं कसं? शेवटी तिनंच वडिलांचा हात धरून वर केला, तेव्हा टाळ थांबले. हात कशासाठी वर केला ते बुवांना उमगलं नाही. त्यांनी तो काढूनही घेतला नाही.

ऋतुजा परत कामावर गेली. पापुद्र्यांना टिचक्या मारते. बुवा ओट्यावर बसून असतात.

तुमच्या गावी सप्ता बसला, की धृपद एकदा जास्त म्हणा, माउली. आणि म्हणताना आमच्या जोतीरामबुवांची आठवण ठेवा.