सातव्या कलमाचा युक्तिवाद

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या विधी महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरायचे होते आणि तृप्तीचे चित्त ठिकाणावर नव्हते. रिझर्व्ह बँकेची बाजू तिच्या वाट्याला आली होती. कल्पित दाव्यात सरकारने गव्हर्नरांना न विचारता नुसते पत्र धाडून बँकेला निदेश दिला होता. रिझर्व्ह बँक कायद्याचे सातवे कलम तिला मुखोद्गत होते: लोकहितार्थ सरकार बँकेला निदेश देऊ शकते, परंतु गव्हर्नरांशी सल्लामसलत केल्यानंतर. 'सल्लामसलत म्हणजे संमतीच' या एकाच वाक्यावर तिने सारा युक्तिवाद उभा केला होता. ते टिकेल की नाही, या शंकेने ती सकाळपासून गावतलावाच्या पाळीवर येरझारा घालीत होती.

तिचे आजोबा यादोराव त्या तलावाचे पाणकर, म्हणजे पाणी राखणारे नि सोडणारे. त्यांची नेमणूक ग्रामसभा करी. मात्र पाणी सोडायचे तर सरपंचाने पाणकरासह पाळीवर बसून तलाव पाहावा, मगच आज्ञा द्यावी, असा गावाचा जुना दंडक. सरपंच जागेश्वर यांनी तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडण्यास सकाळी फोनवरूनच सांगितले होते. यादोराव जागचे हलले नव्हते.

दुपारी जागेश्वर तणतणत आले.

"काकाजी, तुमाले पाणकर कोणं केलं? आमीच ना?"

"तुमीच, बापू. बस आंधी."

जागेश्वर नाइलाजाने बसले.

"धान पोटरीत आला, पोटात लोंबी धरली का खरी गरज पडते," यादोराव म्हणाले. "आज सोडलं तं तवा तलावात चिखल राहीन. आठ दिवस थांब."

"खालच्या धानाच्या बांध्याइले भेगा पडून राहिल्या. नाही थांबत. सोडा पाणी."

तृप्ती दोन पावले पुढे आली. आता आजोबा नाही म्हणतील! परंतु यादोराव धोतर झटकीत उठले आणि त्यांनी तुडूम उघडले.

"आबाजी, पटलं नाही तं काहून उघडलं?"

"त्यानं बसून आयकलं, पोरी. आता हुकूम त्याचा. सकाळी हुकूम नोहोता, नुसता फोन होता."

"मंग इचारून फायदा काय?"

"पोटरीत पाणी कमी पडलं, तं 'मले ठाऊक नोहोतं' असं त्याले म्हणता येनार नाही."

"माह्यासमोरच म्हणता, काकाजी?"

"मांगं बोलाची सवय नाही मले."

जागेश्वर उठले नाहीत. तलावाकडे पाहत राहिले.

तृप्तीने वहीतले 'सल्लामसलत म्हणजे संमतीच' हे वाक्य खोडले. युक्तिवादाचा कणाच गेला. तिने नव्याने लिहिले: 'न विचारता दिलेला निदेश हा निदेशच नव्हे.' आणि प्रतिपक्षाने पुसले, उद्या विचारून दिला तर? तिने उघड्या तुडुमाकडे पाहिले. अखेर तिने लिहिले: 'तर बँक पाळील, उत्तरदायी मात्र सरकार.' हे बँकेच्या वकिलाने, म्हणजे तिनेच, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे होते. ती पुन्हा येरझारा घालू लागली.