वाशांवरचं काळं काड

आमच्या डेव्हनच्या खोऱ्यात तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, 'होईल की' म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळतं. क्रिस्पिन हॅसलमला कळलं नाही, तो लंडनचा.

त्याने वेदरकूमचं जुनं शेतघर विकत घेऊन त्याचं हॉटेल केलं. गोठ्याचं जेवणघर झालं. जमिनीला गाईंसाठी केलेला उतार तसाच आहे, त्यामुळे बशीतलं सूपही एका अंगाला कलतं. माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पण त्याने छपराला हात घातला.

मी लव्हडे यो, छपरं शाकारते. वडीलही हेच करायचे. आम्ही वरचा कुजलेला थर तेवढा काढून नवं काड, म्हणजे गव्हाचा पेंढा, घालतो. वेदरकूमच्या वाशांवरचा थर पाचशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा घराला धुराडं नव्हतं, विस्तव जमिनीवरच पेटायचा. त्या धुराने काड काळं पडलं आणि म्हणूनच टिकलं. लोंब्यांत दाणे अजून आहेत. मला ते काड जिवापाड आवडतं.

"पाहुण्यांच्या उशीवर काजळी पडते," हॅसलम म्हणाला. "वाशांपर्यंत सगळं उपसून टाक. जुन्या वास्तूला हात लावायच्या परवानगीचं मी बघतो."

"होईल की," मी म्हटलं.

तीन आठवडे तो रोज विचारायचा, मी रोज तेच सांगायचे आणि वरचाच थर शाकारत राहायचे. स्वयंपाकीण हेटी खिडकीत हसून हसून बेजार व्हायची.

चौथ्या सोमवारी तो शिडीशी येऊन उभा राहिला. "मला खुळा समजतेस काय? काढणार की नाही?"

मी वरूनच म्हटलं, "नाही."

"अगं बाई!" हेटी ओरडली.

"मग उतर खाली. दुसऱ्या कुणाला आणतो. घर माझं आहे."

"घर तुमचंच हो, साहेब. पण हे काड तुमच्याआधी वीस मालकांनी सांभाळलं, त्यांतल्या कुणाला उशीची काळजी नव्हती. आणा कुणाला आणायचं ते. मी इथे बसलेय, माझ्या बुडाखालून उपसू दे त्याला."

"उतर म्हणतो ना!"

"नाही!" या वेळी अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं.

मी पुढची पेंढी ओढून घेतली. अंधार पडायच्या आत माथ्यावरचं आढं बंद केलं. आता काळ्या काडाला हात लावायचा तर आधी माझं नवं छप्पर फाडावं लागेल, आणि ते फाडणारा माईचा लाल अजून जन्माला यायचाय.