बाणाचा टेकू

“हा घ्या, नाहीतर हा, नाहीतर मग हा,” म्हणत ड्युईने काउंटरवरच्या रबरी चटईवर तीन टेकू मांडले आणि सवयीने व्हर्नकडे बघितले. मग एकदम चूक उमगल्यासारखी त्याची नजर वळली आणि आर्डिसवर येऊन थांबली.

आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखे झाले. धनुष्य नवऱ्याचे, शिकार नवऱ्याची, दुकानदार नवऱ्याचा दोस्त. आणि निवडायचे कुणी, तर जिने उभ्या जन्मात त्या धनुष्याला हात लावला तो केर काढताना बाजूला ठेवण्यापुरता!

“माझ्याकडे काय बघतोस? त्याला विचार की.”

“व्हर्न, कुठला लावू रे बाबा?”

“बरं,” स्टुलावर बसलेला व्हर्न म्हणाला.

एप्रिलमध्ये व्हर्न कोल्बीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि शब्द गेले. एक तेवढा मागे राहिला: बरं. कॉफी हवी असली तरी बरं, नको असली तरी बरं, कुत्रीला बाहेर सोड म्हणायचे असले तरी बरं. मान हलवायचा, पण ‘हो’ला आडवी हलायची आणि ‘नाही’ला उभी, मग स्वतःवरच चिडायचा. “त्यांना समजतं सगळं. सांगता येत नाही, एवढंच,” असे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. एवढंच! त्या बाईंचा आर्डिसला अजून राग येत असे.

कारण बोलणे हाच तर व्हर्नचा प्राण होता. तीस-बत्तीस वर्षे त्याने काउंटीच्या रस्त्यांवर बर्फ हटवायचा ट्रक चालवला. दिवसभर एकट्याने गाडीत बसायचे, म्हणून संध्याकाळी घरी आला की तोंडाला खळ नसे. आणि विषय कुठला? धनुष्य. दोरी अशी हवी, बाणाचे पीस तसे हवे, बाण ज्यावर टेकतो त्या टेकूचे तर अख्खे पुराण. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात दीडदोनशे पोरांचे जेवण रांधून आलेली असायची. बटाटे सोलता सोलता ती “हं” म्हणायची, “असं होय” म्हणायची, आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची. पालथ्या घड्यावर पाणी! घडाभर, हंडाभर, विहीरभर पाणी ओतले त्या माणसाने, आणि आज तिला घोटभर हवे होते तर ओंजळ कोरडी.

झटक्यानंतर व्हर्नने कशाचीच इच्छा दाखवली नव्हती. समोर ठेवले ते खायचा, बसवले तिथे बसायचा. ऑगस्टमध्ये एक दिवस त्याने डावा हात उचलून भिंतीवरच्या धनुष्याकडे बोट केले. आर्डिस कोठीघरात गेली, दार लावून घेतले आणि पिठाच्या डब्यावर डोके टेकून पोटभर रडली. माणसाला काहीतरी हवे आहे! जगायला आणखी काय लागते?

तिच्या भावाने, गॉर्डीने, चाप ओढायचे क्रॉसबो सुचवले. व्हर्नने भिंतीकडे तोंड फिरवले. मग ड्युईनेच युक्ती काढली. धनुष्याच्या दोरीला चामड्याची पट्टी बांधायची, ती दाढांत घट्ट धरायची आणि डाव्या हाताने धनुष्य पुढे ढकलायचे. धनुष्याचा ताण त्याने उतरवता येईल तेवढा उतरवून दिला. “दात आहेत ना रे सगळे स्वतःचे?” त्याने विचारले, तेव्हा व्हर्नने ओठ फाकवून घोड्यासारखे दात दाखवले होते, आणि तिघेही किती दिवसांनी हसले होते. आता राहिला होता टेकू. जुन्याचे नुसते दोन काटे; त्यावरचा बाण बोटाने सावरावा लागे, आणि सावरायला दुसरा हात होता कुठे?

शनिवारी हरणाच्या शिकारीचा सीझन उघडणार होता.

“हा पडता,” ड्युई सांगू लागला. “बाण सुटला की टेकू खाली पडतो, पिसाला लागत नाही. अचूक एकदम. पण वरून मोकळा असतो बरं का. हा दुसरा तुमच्याकडे आहे त्यातलाच, जरा नवा. आणि हा…” त्याने तिसऱ्यावर बोट ठेवले पण बोलला जरा दबकत. “हा ब्रश.”

एक कडे होते ते, आत चहूबाजूंनी ताठ केस. मधल्या भोकात बाण अडकवायचा, मग धनुष्य तिरपे करा, उलटे करा, बाण जागचा हलत नाही.

“एका हाताच्या माणसाला हा सोपा जातो, आर्डिस.”

आणि आर्डिसला आठवले! एवढ्या वर्षांच्या बोलण्यातले एक काहीतरी आठवले. गॉर्डीने असला ब्रश बसवला होता, तेव्हा व्हर्नने आठवडाभर त्याची टर उडवली होती. मासे खायला गेले तरी तेच, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तेच. “बूट पुसायचा ब्रश लावून शिकारीला निघालाय! हरणाला पॉलिश करणार काय रे?” आर्डिस तेव्हा मनापासून हसली होती, म्हणून लक्षात राहिले होते.

एवढ्यात व्हर्नचा डावा हात उठला. त्याने तो ब्रश उचलला. अंगठा केसांवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग तो चटईवर ठेवला आणि हळूहळू पुढे सारला, काउंटरच्या टोकाशी आर्डिस उभी होती तिकडे.

“बरं,” तो म्हणाला.

“बघ, बघितलंस ड्युई?” आर्डिस आनंदाने ओरडलीच. “सारला बाजूला! अरे, माझा नवरा आणि ब्रश? गॉर्डीची काय गत केली होती विसरलास? लोक काय म्हणतील याला! तू तो पडता दे. सगळ्यात चांगला तोच ना? तोच दे.”

दुकानात आणखी दोघे गिऱ्हाईक होते, व्हर्नच्या ओळखीचे. तेही हसले. “बूटपॉलिश!” त्यातला एक म्हणाला.

“बरं,” व्हर्न पुन्हा म्हणाला, जरा हळू. मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत बसला.

ड्युईने क्षणभर दोघांकडे बघितले. काहीतरी त्याच्या ओठांवर आले होते, पण ते त्याने गिळले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

परतीच्या वाटेवर आर्डिसला केवढा हुरूप आला होता! मेपलची पाने तांबूस व्हायला लागली होती, ती गाडी चालवता चालवता स्वतःशीच गुणगुणत होती. ‘मी ओळखते माझ्या माणसाला. शब्द नसले म्हणून काय झालं?’ व्हर्न खिडकीबाहेर बघत होता.

घरामागे गवताचे भारे रचून त्यावर निशाण लावले होते. दुपारी दोघे तिथे गेले. व्हर्न बाकावर बसला, धनुष्य गुडघ्यांत धरले, डाव्या हाताने बाण चढवला. उठून उभा राहिला. आर्डिसने त्याला पाठीमागून कमरेशी धरले. त्याने मान वळवून चामड्याची पट्टी दाढांत घेतली, हात पुढे ढकलला, धनुष्य जरासे कलले आणि बाण टेकूवरून घसरून खाली पडला.

“असू दे, असू दे. पहिलीच खेप आहे,” म्हणत आर्डिसने बाण उचलून दिला.

पुन्हा तेच. बाण खाली. पुन्हा चढवला, पुन्हा खाली. पट्टी धरायला मान वळवावी लागे, मान वळली की धनुष्य कलायचे, धनुष्य कलले की बाण घसरायचा. अडवायला काहीच नव्हते. व्हर्नच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आर्डिस वाकायची, बाण उचलायची, “आता येईल हं,” म्हणायची. तिचे तिलाच ते खोटे वाटायला लागले होते.

शेवटी तो बाकावर बसला. धनुष्य मांडीवर आडवे ठेवले. बाण टेकूवर ठेवला, आणि अंगठा व तर्जनी जुळवून बाणाभोवती एक कडे केले. गुडघ्याने धनुष्य कलते केले. बाण कड्यात राहिला. त्याने आर्डिसच्या तोंडाकडे बघितले. मग ते कडे तसेच धरून हात बाकावर ठेवला आणि हळूहळू पुढे सारला, तिच्याकडे.

“बरं.”

आर्डिसला दुकानातली ती चटई आठवली.

बाजूला सारला नव्हता त्याने तो ब्रश. तिच्याकडे सरकवला होता. हा घे म्हणत होता. स्वतः ज्याची टिंगल केली ते चार लोकांत मागायला त्याने केवढे मन घट्ट केले असेल! आणि तिने काय केले? त्याचेच जुने बोलणे त्याच्या तोंडावर मारले, वर लोकांना हसवले.

“व्हर्न, अरे देवा… मी चुकले रे. थांब तू. थांब इथेच, आत्ता बदलून आणते.”

त्याला घरात बसवून, धनुष्य मागच्या सीटवर टाकून ती सुसाट निघाली. ड्युई दुकानात एकटाच होता. तिचा चेहरा त्याने एकदा बघितला. ब्रश काढला, बसवायला घेतला.

“तुला कळलं होतं,” ती म्हणाली.

“वाटलं होतं मला.” तो स्क्रू पिळत राहिला. “पण तू बायको त्याची, आर्डिस. मी म्हटलं, हिला जास्त कळत असेल.”

बाई गं! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरे झाले असते.

ती घरी आली तेव्हा व्हर्न जेवणाच्या टेबलाशी बसला होता. तोंड धुतलेले, केस ओले करून मागे फिरवलेले. बाण एका हाताने भात्यात भरून दाराशी ठेवले होते. चामड्याची पट्टी टेबलावर होती, धुऊन पुसून, नीट घडी घातलेली, सीझन संपल्यावर ठेवतात तशी.

“हे बघ. बसवला. बघ तर!” तिने धनुष्य त्याच्यापुढे ठेवले.

त्याने बघितले. बोट करून भात्यातला बाण मागितला, ब्रशात अडकवला. धनुष्य कलते केले, मग पार उलटे केले. बाण हलला नाही. व्हर्नच्या भुवया वर गेल्या, ओठ जरासे हलले. चांगली वस्तू हातात आली की त्याचा चेहरा असाच व्हायचा, मग तो पाना असो की मासा. “बरं,” तो कौतुकाने म्हणाला.

“मग? उद्या सकाळी? मी धरते पाठीमागून. शनिवारीपण येते मी तुझ्याबरोबर. खोकायचीसुद्धा नाही.”

त्याने बाण काढला. तिच्या हातात दिला, तिची बोटे त्यावर मिटवली आणि वर आपला हात ठेवला.

“बरं,” तो म्हणाला.

हा ‘बरं’ मात्र तिला कळला. ताटात आणखी वाढायला गेले की तो याच आवाजात पुरे म्हणायचा. रागाने नाही, खरेच पोट भरल्यासारखे. तो सूर ओळखायला ती कधी चुकली नव्हती.

“एकदाच, व्हर्न. एकदाच कर ना प्रयत्न. माझ्यासाठी.”

त्याने तिच्या हातावर दोनदा थोपटले. दुकानात, चार लोकांत, त्याला एकदा मागता आले होते; बाकावर त्याने काय मागितले होते तेवढेच दाखवले. असले मागणे माणसाला दोनदा जमत नाही, हे तिलाही ठाऊक होते, कारण तीही तशीच होती.

कुत्री येऊन टेबलाखाली आडवी झाली. स्वयंपाकाची वेळ होऊन गेली होती, पण आर्डिस उठली नाही. तिने बाण बाजूला ठेवला, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि दोन्ही रिकामे हात मांडीवर घेतले.

“व्हर्न,” ती म्हणाली, “ते टेकूचं सांग ना मला. तू सांगायचास ते. पहिल्यापासून सांग.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ही थट्टा करते आहे की काय, असे त्याला वाटले असावे. मग त्याने धनुष्य जवळ ओढले, घसा खाकरला आणि सांगायला लागला. “बरं,” तो म्हणाला, आणि बोटाने दोरी दाखवली. “बरं, बरं,” आणि बाण कसा सुटतो, पीस कुठे घासते, ते हाताने करून दाखवले. मध्येच आवाज चढला, मध्येच कुणाची तरी नक्कल केली आणि स्वतःच हसला, गॉर्डीची असणार ती. मग पुन्हा गंभीर होऊन बारकाईने काहीतरी समजावले, आणि तिला समजले का ते बघायला थांबला.

आर्डिसने मान हलवली. तिला त्यातले एक अक्षर समजले नव्हते. “मग?” ती म्हणाली.

“बरं,” म्हणून व्हर्न पुढे सांगू लागला, आणि तिने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.