विहिरीत सोडलेली मासोळी

चारुशीलेचं मन मायाळू होतं, हे आधी सांगून टाकावं. दुष्ट बाईच्या हातून हे झालंच नसतं.

धरमपेठेत वाढलेली ही मुलगी मुंबईला जाऊन दुःखितांना धीर द्यायचं शिक्षण घेऊन आली आणि निराधार बायांच्या एका आश्रमात कामाला लागली. तिथं पोलिसांनी जंगूबाई मडावीला आणलं. ही गोंडाची म्हातारी खापरखेड्याजवळ कन्हान नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मेलेल्या मुलाला हाका मारत होती. हा मुलगा, भिवसन, तिकडे बिजलीघराच्या बांधकामावर मजूर होता, तापानं गेला. म्हातारी जीव द्यायला निघाली, असं पोलिसांनी धरलं. तिच्या हातात पितळी लोटा होता आणि लोट्यात बोटभर मासोळी.

लोटा ती खाली ठेवीना. मासोळीशी गोंडीत बोले, आणि चारुशीलेला पाहून एकच घोकी, "मले गावी जाऊ दे वं बाई."

"आजी, गेलेलं माणूस परत येत नाही. रडून घ्या, मन मोकळं करा."

जंगूबाई रडली नाही. चारुशीला शिकली-सवरली खरी, पण 'हे काय आहे?' एवढं विचारायचं तिला सुचलं नाही. मासोळीचं वेड सुटलं की बाई सुटेल, असं तिनं परस्पर ठरवलं. म्हातारीचा डोळा लागताच तिनं लोटा उचलला आणि मासोळी आश्रमाच्या विहिरीत सोडली. जिवंत सोडली, म्हणून तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचा भाऊ लिंगू शोधत आला. रिकामा लोटा पाहून तो मटकन खाली बसला.

"आमच्यात मानूस गेला का नदीवर जाऊन त्याले हाक मारा लागते, बाई. हाती येईन ती मासोळी म्हंजे त्याचाच जीव. घरी नेऊन देवापाशी ठेवला का तो घरचा झाला."

चारुशीलेनं रिकामा लोटा उचलला. "आपण पुन्हा नदीवर जाऊ. मी येते सोबत."

"आता तिथं कोन हाय? तो तं आला होता. घरी जायाले निघाला होता."

जंगूबाई विहिरीच्या काठावर बसून हाका मारत होती. चारुशीलेनं बादलीमागून बादली ओढली, हाताला फोड आले, पण नुसतं पाणीच वर आलं. शेवटी रडत ती म्हणाली, "आजी, मला शिकवा. मीही हाक मारते त्याला."

म्हातारीनं तिच्या हातातला दोर काढून घेतला.

"तू नोको मारू वं बाई. तुयाच हाताले भेऊन तो खाली बसला असन."